सीमेवरचा पोलीस



सीमा सुरक्षा दलाविषयी नागपुरात बोलायचे तर कामठी टाळून पुढे जाता येत नाही. या दलाचे पहिले महासंचालक खुसरो फरामुर्झ रुस्तमजी १९१६ साली कामठीत जन्मले, नागपुरात शिकले, काही काळ इथल्या सायन्स कॉलेजात त्यांनी शिकवलेही. १९३८ मध्ये ते पोलीस सेवेत आले ते आपल्याच मध्य प्रांत-वऱ्हाडात. पुढे सहा वर्षे पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मग मध्य प्रदेशचे पोलीसप्रमुख झाले, चंबळच्या डाकूंशी गाठ पडली, आणि १९६५ मध्ये त्यांच्या हाती हे नवे दल आले.

देशाची सीमा राखायला सरकारने एखादा जनरल न नेमता पोलीस अधिकारी नेमला. तो का, हे कळले की या दलाची आजची बरीचशी दुखणी कळतात. माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाट पाहायला नको: सीमेवरचा हा जवान आधी पोलीस आहे, मग सैनिक. त्याचा बहुतेक दिवस आपल्याच शेतकऱ्यांची, कोळ्यांची, गुराख्यांची कागदपत्रे पाहण्यात जातो. आपण टाळ्या वाजवतो त्या मात्र त्याच्यातल्या सैनिकाला. अटारीच्या संध्याकाळच्या कवायतीला गर्दी होते. सकाळी शेताचे गेट उघडताना तिथे कुणी पर्यटक नसतो.

पोलीसच का नेमला हे समजायला आता कच्छकडे येतो. कच्छ १९६० पर्यंत मुंबई राज्यात होते, आणि तिथल्या सीमेच्या भांडणाची मुळे तर मुंबई सरकारच्याच दप्तरात आहेत. सिंध आणि कच्छचे राव यांच्यातला तंटा मिटवण्यासाठी मुंबई सरकारने १९१४ मध्ये ठराव केला, सोबत नकाशा जोडला. त्या नकाशावर सर क्रीक या खाडीच्या पूर्व काठाने एक हिरवी रेघ आहे. पाकिस्तान म्हणतो रेघ हीच सीमा. आपण म्हणतो सीमा खाडीच्या मधून जाते. ९६ किलोमीटरच्या त्या चिखलाचा वाद अजून मिटलेला नाही. एका कारकुनाने शाई कुठे टेकवली यावरून दोन देश शंभरावर वर्षांनी हुज्जत घालत आहेत, असे मला कधीकधी वाटते. पण ते असो.

९ एप्रिल १९६५ रोजी पाकिस्तानी लष्कराने रणातल्या सरदार पोस्टवर आणि आसपासच्या ठाण्यांवर हल्ला चढवला. सरदार पोस्टवर तेव्हा लष्कर नव्हते; केंद्रीय राखीव पोलिसांच्या मोजक्या तुकड्या होत्या. ब्रिगेडएवढ्या फौजेला त्यांनी काही तास थोपवून धरले. केंद्रीय राखीव पोलीस दल तो दिवस अजून शौर्यदिन म्हणून पाळते. शौर्य खरेच होते, पण दिल्लीत प्रश्न निराळाच पडला. त्या काळी प्रत्येक राज्य आपापली सीमा आपल्या सशस्त्र पोलिसांकडून राखत असे. प्रशिक्षण वेगळे, शस्त्रे वेगळी, हुकूम देणारा वेगळा. शेजारच्या राज्यात काय चालले आहे हे ठाण्याला कळेपर्यंत रात्र सरायची. लष्कर कायमचे सीमेवर बसवावे तर दोन्ही बाजूंच्या तोफा कायम समोरासमोर, आणि एखादा गुराखी वाट चुकला तरी युद्धाचे निमित्त. म्हणून मधला मार्ग निघाला: एकच केंद्रीय दल, गृह खात्याच्या हाताखाली. शांततेत गस्त आणि तस्करीला आळा, युद्धात लष्कराच्या हुकमाखाली लढाई. १ डिसेंबर १९६५ रोजी २५ बटालियन एकत्र करून हे दल उभे राहिले, १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला. आज त्यात अडीच लाखांहून अधिक माणसे आहेत.

(कच्छचे पुढे काय झाले? आंतरराष्ट्रीय लवादाने १९६८ मध्ये रणाचा सुमारे दहावा हिस्सा पाकिस्तानला दिला, छाडबेटही त्यातच गेले. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्यांत आपले मधू लिमये होते. न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला.)

या मधल्या मार्गाचे सोने झाले ते १९७१ मध्ये. मार्चअखेर ढाक्यातून निसटलेले अवामी लीगचे नेते ताजुद्दीन अहमद नदिया जिल्ह्याच्या सीमेवर पोहोचले, तेव्हा त्यांना सामोरे गेले सीमा सुरक्षा दलाचे अधिकारी गोलोक मजुमदार. रुस्तमजी लगोलग विमानाने कोलकात्यात दाखल झाले. १७ एप्रिलला सीमेपलीकडच्या बैद्यनाथतल्याच्या आमराईत बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला, त्याची तजवीज करण्यात आणि पत्रकारांना तिथवर नेण्यात या दलाचा हात होता. मुक्तिवाहिनीच्या पहिल्या तुकड्यांना शिकवले तेही यांनीच. लष्कराने उघडपणे हे करणे म्हणजे युद्ध पुकारणे ठरले असते. पोलिसाला ते करता आले, कारण पलीकडच्या गावातली माणसे, वाटा, नावाडी त्याच्या ओळखीचे होते.

ही ओळख हेच या दलाचे खरे भांडवल. ते आज किती उरले आहे हे पाहायचे तर पंजाबात जावे लागते.

पंजाबची पाकिस्तानशी सीमा ५५३ किलोमीटर. खलिस्तानी दहशतवादाच्या काळात, ऐंशीचे दशक संपत असताना तिथे तारेचे कुंपण घालायला सुरुवात झाली. कुंपण झिरो लाइनवर, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेवर, घालता येत नाही, आपल्या हद्दीत मागे सरकून घालावे लागते. त्यामुळे एकवीस हजार एकरांहून अधिक शेतजमीन तारेच्या पलीकडे राहिली. जमीन भारताची, सातबारा भारतीयाचा (तिकडे त्याला फर्द म्हणतात), पण शेतात जायचे तर दलाच्या गेटातून.

अमृतसर जिल्ह्यातल्या अशा एका गेटवर मी सकाळी उभा होतो. धुके उतरेपर्यंत गेट उघडत नाही. ट्रॅक्टरची रांग लागलेली, ड्रायव्हरच्या अंगावर खेस, सायलेन्सरवर हात शेकणारी दोन पोरे. कुलूप उघडले की एकेकाचे ओळखपत्र ठाण्यात जमा होते, वहीत नाव चढते. ट्रॅक्टरची टूलबॉक्स उघडून पाहतात, सीट उचलून पाहतात, बियाण्याच्या पोत्यात सळई घालतात. डब्यातल्या रोट्याही दिसल्या पाहिजेत. मग जवानांची एक तुकडी त्यांच्याबरोबर पलीकडे जाते, तिला किसान गार्ड म्हणतात. शेतकरी नांगरतो, हे बांधावर उभे. दुपारी चार-पाचला शिटी वाजली की परत. गव्हाला रात्री पाणी द्यायचे असेल तर देता येत नाही. ऊस, मका यांसारखे उंच पीक लावता येत नाही, कारण त्यात माणूस लपतो. म्हणून गहू आणि भात, भात आणि गहू. भरपाई एकरी वर्षाला दहा हजार रुपये ठरलेली आहे आणि ती वेळेवर मिळत नाही ही तिथली बारमाही तक्रार. एक वयस्क सरदारजी मला म्हणाले, ‘पोरं चांगली आहेत, पण वर्षा-दोन वर्षांनी बदलतात. माझा चेहरा पाठ होतो न होतो तोच नवी येतात.’

या गेटाची एक हकीकत मला दलाच्या सगळ्या शौर्यकथांहून मोलाची वाटते. तारेपलीकडच्या शेतात पेरणीला, निंदणीला, कापणीला बायका लागतात. पण त्यांची झडती घेणार कोण? पुरुष जवान घेऊ शकत नाही. परिणामी कित्येक घरांतल्या बायका स्वतःच्याच शेतात जाऊ शकत नव्हत्या. २००९ मध्ये दलाने महिला शिपायांची पहिली तुकडी शिकवून तयार केली आणि तिला पंजाबात या गेटांवर पाठवले. वर्तमानपत्रांत फोटो आले ते रायफल खांद्यावर घेतलेल्या मुलींचे, मथळे ‘सीमेवर रणरागिणी’ छापाचे. मूळ गरज मात्र रणाची नव्हती, निंदणीची होती. दलाची भरती शेतीच्या हंगामाने बदलावी, हे पोलीसपणाचे लक्षण.

किसान गार्डच्याच ड्युटीवर गेल्या काही वर्षांतला सर्वांत अवघड प्रसंग घडला. पहलगामच्या हत्याकांडानंतरचा दिवस, २३ एप्रिल २०२५. फिरोझपूर सेक्टरमध्ये शेतकऱ्यांबरोबर गेलेला एक जवान चुकून झिरो लाइन ओलांडून गेला आणि पाकिस्तानी रेंजर्सच्या हाती लागला. अशा चुका दोन्हीकडून नेहमी होतात. एरवी दोन्हीकडच्या कंपनी कमांडरांची फ्लॅग मीटिंग होते, चहा होतो, आणि चुकलेला माणूस अनेकदा दिवस मावळायच्या आत घरी येतो. या वेळी समोरून उत्तरच येईना. मधल्या काळात ऑपरेशन सिंदूर झाले, सीमेवर तोफा धडाडल्या, जम्मूत याच दलाचे जवान पलीकडच्या माऱ्याला बळी पडले. तो जवान अटारीहून परतला तो १४ मे रोजी, एकवीस दिवसांनी. सरकारे बोलायची थांबली की सीमेवरचा पोलीसही मुका होतो, त्याची फ्लॅग मीटिंग नावापुरती उरते.

आता पूर्वेकडे. बांगलादेशाशी आपली सीमा ४,०९६ किलोमीटर, त्यातली २,२१६ एकट्या पश्चिम बंगालची. फाळणीची सीमा आखायला रॅडक्लिफसाहेब १९४७ च्या जुलैत आले, पाच आठवड्यांत रेघ ओढून गेले. ती रेघ घरांतून, तळ्यांतून, भाताच्या खाचरांतून जाते. २०१५ पर्यंत तर बांगलादेशाच्या पोटात भारताची १११ गावठाणे आणि भारताच्या पोटात त्यांची ५१ होती. ती अदलाबदल झाली हे बरे झाले. असे समंजस काम दोन देशांकडून क्वचित होते.

१९७५ च्या समझोत्यानुसार झिरो लाइनपासून दीडशे यार्डांच्या आत कोणत्याही देशाने संरक्षणात्मक बांधकाम करायचे नाही. म्हणून इथेही कुंपण मागे. फरक असा की पंजाबात पलीकडे शेते राहिली, बंगालमध्ये कित्येक ठिकाणी माणसांची घरेच राहिली. रात्री बाळंतपणाची वेळ आली तर आधी गेटवरच्या जवानाला उठवायचे. मग दवाखाना. बांगलादेशाशी असलेल्या सबंध सीमेवर सुमारे ३,२३० किलोमीटर कुंपण पूर्ण झाले आहे. उरलेल्या साडेआठशेपैकी पावणेदोनशे किलोमीटरवर कुंपण घालताच येत नाही, तिथे नद्या आणि दलदल आहे. ज्या तुकड्यांत घालता येते तिथेही जमीन संपादन अडते, किंवा दीडशे यार्डांच्या आत एकेरी तार घालू लागलो की बांगलादेशाचे दल हरकत घेते. २०२५ च्या जानेवारीत मालदा जिल्ह्यात सुकदेवपूरला तेच झाले, दोन्हीकडचे गावकरी समोरासमोर आले.

मुर्शिदाबादला गंगेच्या काठी रात्रीचा पहारा म्हणजे काय, ते ऐकण्यासारखे आहे. पावसाळ्यात नदी फुगली की तस्कर गुरांच्या गळ्याला केळीचे खांब बांधतात आणि त्यांना प्रवाहात लोटून देतात. खांब तरंगतो, त्याच्या आधाराने जनावर तरंगते आणि पलीकडच्या काठाला लागते. माणूस पाण्यात उतरतच नाही. जवान स्पीडबोट घेऊन अंधारात त्या तरंगणाऱ्या शिंगांच्या मागे. २०१९ च्या सुमारास तस्करांनी काही गुरांच्या गळ्यात स्फोटकेही बांधली, बोट जवळ आली की उडावीत म्हणून. गुरांचा हा ओघ अलीकडे बराच आटला आहे, पण खोकल्याचे औषध, सोने, गांजा, याबा या नशेच्या गोळ्या चालूच आहेत. गाय गेली, बाटली आली. वाहणारा पोरगा तोच. खेपेला काही शे रुपये मिळतात आणि त्या पट्ट्यात दुसरे काम नाही.

इथे दलाची सर्वांत काळी पाने आहेत, ती मिटून ठेवणे मला योग्य वाटत नाही. ७ जानेवारी २०११ च्या पहाटे कूचबिहारच्या सीमेवर वडिलांबरोबर कुंपण ओलांडून बांगलादेशात घरी जाणारी पंधरा वर्षांची मुलगी दलाच्या गोळीने मेली. तिचा देह काही तास तारेवर लटकत राहिला, तो फोटो जगभर गेला. दलाच्या स्वतःच्या न्यायालयाने आरोपी शिपायाला २०१३ मध्ये आणि फेरविचारानंतर २०१५ मध्ये पुन्हा निर्दोष सोडले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने पाच लाखांच्या भरपाईची शिफारस केली. त्या मुलीच्या मृत्यूच्या सुमारास जवानांना रबरी छर्रे उडवणाऱ्या पंप अॅक्शन बंदुका देण्यात आल्या. त्यानंतर जवानांवर दा (कोयते) आणि बांबू घेऊन हल्ले वाढले असे अधिकारी सांगतात, आणि ते खोटे नाही. हातपाय तुटलेले जवान मी पाहिले आहेत. पण गोळीबार थांबला असेही नाही. सैनिकाला समोरचा माणूस शत्रू आहे हे ठाऊक असते. पोलिसाने समोरचा कोण हे आधी शोधायचे, तेही काळोखात, धुक्यात, एकट्याने. त्यासाठी लागणारे शिक्षण आपण त्याला निशाणेबाजीच्या मानाने फारच कमी देतो.

आणि हो, कुंपणाने शेत खाल्ल्याची उदाहरणेही आहेत. गुरांच्या तस्करीच्या प्रकरणात २०२० मध्ये दलाच्या एका कमांडंटलाच सीबीआयने अटक केली. दोन्हीकडच्या दलालांचा पैसा खालपासून वरपर्यंत झिरपतो, स्थानिक पोलीस आणि पुढारी त्यातून सुटलेले नाहीत. मजा अशी की दलाला झडती, जप्ती, अटक करता येते, तपास आणि खटला मात्र नाही. पकडलेला माणूस आणि माल स्थानिक पोलिसांना किंवा कस्टम्सला द्यायचा. खेप वाहणारा आत जातो, माल ज्याचा तो घरीच. २०२१ मध्ये केंद्राने पंजाब, बंगाल आणि आसामात दलाचे अधिकारक्षेत्र सीमेपासून १५ वरून ५० किलोमीटर केले. पंजाब सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. पंजाबसारख्या राज्यात ५० किलोमीटर म्हणजे अमृतसर शहर सबंध आत येते. मला विचाराल तर हद्द वाढवल्याने काही साधत नाही. पंधरा किलोमीटरच्या आत पकडलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे जवानाला कधी कळत नाही, ती खरी उणीव आहे.

तंत्रज्ञानाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर तुम्ही रोज वाचता. जम्मूत सांबा भागात जमिनीखालून भुयारे सापडतात. २०२० मध्ये सापडलेल्या एका भुयारात वाळूची पोती होती आणि त्यांवर कराचीचे नाव छापलेले. पंजाबात कुंपण निरुपयोगी केले ते ड्रोनने. चिनी बनावटीचे छोटे चार पंख्यांचे यंत्र अर्धा किलो हेरॉइन शेतात टाकून परत जाते. २०२४ मध्ये एकट्या पंजाब सीमेवर अडीचशेहून अधिक ड्रोन पकडले गेले. यांतले कित्येक सापडले ते शेतकऱ्याने फोन केला म्हणून: ‘साहेब, माझ्या गव्हात काहीतरी पडलंय.’ धुबरीला ब्रह्मपुत्रेच्या पात्रात कुंपण शक्य नाही, तिथे २०१९ पासून सेन्सर आणि कॅमेरे आहेत. चांगलेच आहे. कच्छ-राजस्थानात मात्र अजून सकाळी खुर्रा तपासतात. तारेलगतची वाळूची पट्टी आदल्या दिवशी ओढून सारखी केलेली असते, तिच्यावर पाऊल उमटले का, गेले की आले, ओझे होते की रिकामे, हे वाचतात. बनासकांठ्याचे गुराखी रणछोड पगी यांनी १९६५ आणि १९७१ मध्ये लष्कराला याच विद्येने वाट दाखवली. त्यांच्या नावाचे एक ठाणे दलाने ठेवले आहे. गुराख्याचे नाव सीमेवरच्या ठाण्याला, मला तरी हे फार आवडते.

आता जवानाबद्दल. सहा तास नाका, सहा तास आराम, पुन्हा सहा तास नाका. मधल्या सहात स्वयंपाकघर, हत्यार साफ करणे, कपडे, घरी फोन, मग झोप. निवडणुका आल्या की कंपन्या सीमेवरून उचलून देशभर पाठवतात आणि उरलेल्यांचे नाके लांबतात. २०१७ च्या जानेवारीत एका जवानाने करपलेल्या रोटीचा आणि पातळ डाळीचा व्हिडिओ टाकला. चौकशी झाली, अखेर नोकरी गेली ती त्याचीच. अधिकाऱ्यांचे दुखणे वेगळे. वीस-वीस वर्षे सीमेवर काढलेला अधिकारी कमांडंटच्या पायरीवर अडतो, कारण वरच्या जागा प्रतिनियुक्तीवर येणाऱ्या आयपीएस अधिकाऱ्यांकडे. रुस्तमजीही बाहेरूनच आले होते हे मी विसरलेलो नाही. पण तेव्हा दलाला स्वतःचे अधिकारी नव्हते, आज आहेत. २३ मे २०२५ रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्ज्वल भुयान यांच्या खंडपीठाने महानिरीक्षक दर्जापर्यंतच्या प्रतिनियुक्त्या दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा असा निर्णय दिला.  बांगलादेशाच्या सीमा दलाने, बांगलादेश रायफल्सने, फेब्रुवारी २००९ मध्ये बंड केले आणि ५७ लष्करी अधिकारी मारले, त्यामागच्या गाऱ्हाण्यांत बाहेरून आलेले अधिकारी हेही एक होते. आपल्याकडे तसे काही घडेल असे मी सुचवत नाही. आपल्या दलाची शिस्त वेगळी आहे. पण शेजारचा इतिहास गृह खात्याने वाचलेला बरा.

एक गोष्ट थेट आपल्या महाराष्ट्राची. पालघरचे, डहाणू-तलासरीचे आदिवासी खलाशी हंगामाला ओखा-पोरबंदरच्या बोटींवर जातात. १९१४ च्या त्याच अनिश्चित सीमेजवळ बोट भरकटली की पाकिस्तानची सागरी यंत्रणा त्यांना पकडते. आपल्या बाजूला कच्छमधल्या हरामी नाल्यात आपले दल पाकिस्तानी बोटी पकडते. दर १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात-घेतात. २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातल्या एका खलाशाचा कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. त्याचा देह अटारीच्या गेटातून आला तेव्हा कित्येक आठवडे उलटून गेले होते.

संसदेत सीमेविषयी प्रश्न पुष्कळ विचारले जातात. कुंपण किती किलोमीटर झाले, घुसखोर किती पकडले, हेरॉइन किती किलो. आपल्या खासदारांपैकी कुणाला वेळ असेल तर त्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत, उत्तर लेखी मागावे. पहिला: पंजाब आणि बंगालमधली शेताची गेटे गेल्या वर्षी सरासरी किती तास उघडी होती? दुसरा: दलाने पोलिसांच्या ताब्यात दिलेल्या माणसांपैकी किती जणांवर खटला उभा राहिला, आणि त्यात माल ज्याचा होता असे किती?